खांबापासून चार पावलं

मी अकरा वर्षं डोंबिवली पूर्वेला घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं काम केलं. आधी कागदावर आकडे उतरवायचे, मग मोबाईलवर मीटरचा फोटो काढायचा, एवढाच काय तो त्यात बदल झाला. बाकी काम म्हणजे चालणं. सकाळी नऊला सुरू करायचं आणि दुपारी तीनपर्यंत ठरलेला भाग संपवायचा. बिल्डिंगमधले मीटर जिन्याखाली एकत्र सापडतात, ते सोपं. जुन्या बैठ्या घरांना मात्र दारोदार जावं लागतं. वर्षाला चपलांचे तीन जोड झिजायचे माझे.

चालताना लोक दुकानं बघतात, माणसं बघतात. मी खाली बघायचे. कुठल्या गल्लीत पेव्हर ब्लॉक उखडलेत, कुठल्या ब्लॉकवर पाय दिला की खालून पाण्याची चिळकांडी उडते, कुठे झाड तोडून बुंधा गुडघ्याएवढा तसाच ठेवलाय, कुठे जाहिरातीचा खांब कापून नेला पण त्याचे चार बोल्ट जमिनीतून वर आलेत, हे सगळं मला पाठ होतं. एका ठिकाणी विजेची मोठी पेटी फुटपाथच्या बरोबर मधे उभी आहे. दोन्ही बाजूंनी वीतभर जागा. ती पेटी आमच्याच खात्याची, त्यामुळे तिच्याबद्दल मी काही बोलत नसे. मी सरळ रस्त्याच्या कडेने चालायचे, सगळे चालतात तशी.

माझा नवरा कल्याणला रिक्षा चालवतो. संध्याकाळी घरी आला की त्याची एक तक्रार ठरलेली. "फुटपाथ बांधून ठेवलेत आणि लोक चालतात रस्त्यावर. हॉर्न मारला तर आपल्यालाच डोळे दाखवतात." मी त्याला म्हणायचे, एकदा चालून बघ वरून. तो म्हणायचा, मला कुठे वेळ आहे.

आम्ही कल्याणजवळ मोहन्याला राहतो. माझे वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, पण आम्ही तिथेच राहिलो. बुद्धविहाराच्या मागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत. तिथून सकाळी डोंबिवलीला यायचं आणि दुपारी परत, असं माझं चाललेलं.

ते दिवाळीच्या आधीचे दिवस होते. पाऊस सरलेला, ऊन कडक. एका चौपदरी रस्त्याने मी नेहमीसारखी कडेने चालले होते. पुढे एक पाण्याचा टँकर एका सोसायटीच्या गेटात शिरायला मागे मागे यायला लागला. ड्रायव्हरला मी दिसत नव्हते. म्हणून मी पटकन फुटपाथवर चढले. तिथे शुभेच्छांचा एक फ्लेक्स आडवा पडलेला होता, कडेला दोन विटा ठेवलेल्या. वाऱ्याने पडला असेल, उडू नये म्हणून कुणी विटा ठेवल्या असतील, असं मला वाटलं. मी त्याच्यावर पाय दिला.

खाली गटाराचं चेंबर होतं आणि त्याला झाकण नव्हतं.

डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. उजवा गुडघा फुटपाथवर आपटला, हातातला मोबाईल लांब जाऊन पडला. मला पहिलं सुचलं ते मोबाईलचं. सकाळपासूनचे सगळे फोटो त्यात होते. पाय दुखतोय हे नंतर कळलं. मी पाय वर ओढायला लागले तर तो येईना.

त्या रस्त्यावर दोन उंच बिल्डिंगच्या मधे एक जुनं बैठं घर आहे, आगरी कुटुंबाचं. ओट्यावर त्यांची म्हातारी सुकट निवडत बसलेली. तिचं मीटर मी दर महिन्याला घ्यायचे, पण "आजी, मीटर" याच्यापलीकडे आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. ती सूप बाजूला ठेवून खाली आली. घाई नाही, ओरडणं नाही.

"परलीस काय गो?" ड-ढचा र करणाऱ्या आपल्या आगरी बोलीत तिने विचारलं. "ओरू नको पाय. आतमंदी चप्पल हाय ना?"

"आहे."

"ती सोर पयली. चप्पल अरकते. पाय मोकला कर."

मी आतल्या आत बोटं हलवून चप्पल सोडली. तेवढ्यात तिची सून बाहेर आली. दोघींनी मला काखेत धरून वर घेतलं. पाय घोट्याखाली वाकडा दिसत होता आणि काळ्या चिखलाने माखलेला. म्हातारीने ड्रममधलं पाणी तांब्यातांब्याने पायावर घातलं, बोटांच्या फटीतला चिखलसुद्धा काढला. मला संकोच वाटत होता. मी म्हटलं, "आजी, राहू द्या, मी धुते."

"तुना वाकता येतंय काय?" तिने विचारलं. मला वाकता येत नव्हतं.

तिने एका जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घोटा बांधला. चप्पल कशी सोडवायची हे तिला कसं माहीत, ते मी विचारलं. ती म्हणाली, "ह्या म्हयन्यात तू तिसरी. पयला येक म्हातारा परला, त्याच्यामागं येक शालंतली बाई."

सुनेने मोबाईल आणून दिला. काच तडकली होती, पण फोटो होते. नवऱ्याला फोन केला. तो कल्याणहून रिक्षा घेऊन आला. माझ्याकडे बघितलं आणि काळजीने असेल, पण बोलला ते असं, "बघून चालायचं ना."

म्हातारीने त्याच्याकडे मान वर करून बघितलं. "बगूनच चालली रं ती. वर फलक दिसला, खालचा खड्डा कसा दिसंल? तुना दिसला असता काय?"

त्याने रिक्षा आणखी जवळ घेतली. दोघींनी मला धरून रिक्षात बसवलं.

घोट्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. घरी मी खिडकीजवळ पाय उशीवर ठेवून पडून असायचे. विहारातल्या बायका आळीपाळीने येऊन भाजी चिरून देत, गप्पा मारत. प्रत्येकीकडे एक गोष्ट होती. कुणाची सासू लादीला अडखळून पडलेली, कुणाचा भाऊ रस्त्याच्या कडेने चालताना दुचाकीने उडवलेला, कुणी स्वतः पोटुशी असताना फुटपाथच्या उंच पायरीवरून घसरलेली. मी इतकी वर्षं चालत होते आणि मला वाटत होतं हे फक्त माझ्याच लक्षात येतं. तसं नव्हतं. प्रत्येकीने आपापला खड्डा लक्षात ठेवला होता, फक्त कुणी कुणाला सांगितला नव्हता.

नवरा सकाळी डबा करून जायचा. भात त्याला चांगला जमतो, आमटीत मीठ जास्त पडायचं. एक दिवस संध्याकाळी तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आज मी बघत होतो."

"काय?"

"फुटपाथ. स्टेशनपासून मोहन्यापर्यंत. सरळ तीस पावलं टाकता येतील असा तुकडा एकही नाही. आमचा स्टँडच अर्धा फुटपाथवर आहे."

एवढंच बोलून तो चहा ठेवायला उठला. मी म्हटलं, साखर कमी टाक. लग्नाला इतकी वर्षं झाली की काही गोष्टी जिंकल्या असं दाखवायचं नसतं.

प्लॅस्टर निघालं, थोडा व्यायाम झाला आणि मी कामावर रुजू झाले. हाड जुळलं होतं, पण मला चालता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण कुठलंही झाकण दिसलं की पाय थांबायचा. लोखंडी जाळी, सिमेंटची लादी, पुठ्ठा, नुसता पडलेला कागदसुद्धा मी वळसा घालून टाळायचे. वळसा घालायचा म्हणजे रस्त्यावर उतरायचं. तिथे एकदा मोटारसायकलचा आरसा कोपराला लागून गेला. खाली भीती, बाजूला भीती. जो भाग सहा तासांत व्हायचा त्याला आठ लागायला लागले.

त्याच आठवड्यात मी म्हातारीकडे गेले. लुगड्याची पट्टी धुऊन, घडी करून नेली होती. बघते तर फुटपाथवर चेंबरच्या जागी एक लोखंडी खाट उलटी घातलेली, चारही पाय वर.

"ही कुणाची खाट?" मी विचारलं.

"माज्या दादल्याची. त्याला आता लागत नाय," म्हातारी म्हणाली. मग पट्टी हातात घेऊन म्हणाली, "ही कशाला आनलीस, ठेवायची होती."

सून हसली आणि सांगायला लागली. माझ्यानंतर आठवडाभरातच एक माणूस पडता पडता वाचला, तेव्हा सासूबाईंनीच माळ्यावरची खाट काढायला लावली. खाटेमुळे फुटपाथ अडतो आणि लोकांना रस्त्यावर उतरावं लागतं, हे त्यांनाही दिसत होतं. "पण ताई, खड्ड्यात पडण्यापेक्षा बरं," ती म्हणाली. वॉर्ड ऑफिसला तिने दोनदा फोनवर तक्रार केली होती. दोन्ही वेळा विचारलं, नक्की ठिकाण सांगा. तिने सांगितलं, बेकरीच्या पुढे. पण बेकरी जाऊन तिथे मोबाईलचं दुकान आलेलं. तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, खड्डा उघडाच राहिला.

त्या दिवशी चहा पिताना म्हातारीने रस्त्यापलीकडे बोट केलं. समोर तसंच एक बैठं घर होतं, निळ्या रंगाचं. "माजी नणद हाय तिकरं," ती म्हणाली. म्हातारीचं लग्न झालं तेव्हा इथे भातखाचरं होती आणि मधून एक बैलगाडीची वाट होती. नणंद चार पावलांवर दिली. दोघी सकाळी मिठागरावर सोबत जायच्या, संध्याकाळी वाटीभर कालवण इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग वाट डांबरी झाली, मग रुंद झाली, मग चार पदरी होऊन मधे डिव्हायडर आला. मुलगा सणासुदीला गाडीत घालून सिग्नलला वळसा मारून पलीकडे नेतो. एरवी दोन वर्षं झाली, म्हातारी एकटी रस्ता ओलांडून गेली नव्हती. संध्याकाळी दोघी आपापल्या ओट्यावर बसतात आणि हात करतात.

"बोलायला येत नाय," ती म्हणाली. "गाऱ्या मधे."

घरी जाताना मला त्या बेकरीचा विचार सुटेना. दुकानं बदलतात, पाट्या बदलतात. बदलत नाहीत ते विजेचे खांब. प्रत्येक खांबावर नंबर रंगवलेला असतो आणि आमची सगळी कामं त्या नंबरावर चालतात. मला वाटलं, ठिकाण सांगायचं तर असं सांगावं.

दुसऱ्या दिवशी मुलीची अर्धी कोरी वही घेतली. रीडिंग घेता घेता लिहायला लागले. खांब नंबर अमुक, त्यापासून स्टेशनच्या बाजूला चार पावलं, चेंबरला झाकण नाही. खांब नंबर तमुक, शाळेच्या बाजूला नऊ पावलं, झाकण हलतं. पुढे सळई वर आलेली, त्यापुढे लादी तुटून फट पडलेली. आधी मी ज्या जागा टाळत होते त्यांच्याजवळ आता मुद्दाम थांबायचे, वाकून बघायचे, पावलं मोजायचे. पाय थांबायचा तो हळूहळू थांबेनासा झाला. भीती गेली असं नाही, पण तिला काम मिळालं.

आमच्या सुपरवायझरला कुणीतरी सांगितलं. त्याने बोलावून विचारलं, "कामाच्या वेळेत हे काय चाललंय? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सर, रीडिंग एकही राहिलेलं नाही," मी म्हटलं. "चालत तर मी होतेच."

त्याने वही चाळली. एका पानावर थांबून म्हणाला, "हा तर माझ्या बिल्डिंगसमोरचा खांब आहे." मग वही परत दिली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

महिना संपला तेव्हा वहीत साडेतीन पानं भरली होती. म्हातारीच्या सुनेने ती नीट अक्षरात अर्जावर उतरवली, तिचं शिक्षण कॉलेजपर्यंत झालेलं. तिच्या गल्लीतल्या आणि दोन सोसायट्यांतल्या लोकांच्या सह्या घेतल्या. नवऱ्याने आम्हा दोघींना रिक्षातून वॉर्ड ऑफिसला नेलं आणि बाहेर न थांबता तोही आत आला.

इंजिनीअर तरुण होता. टेबलावर फायली, डोळ्यांत झोप. अर्ज हातात घेतला तेव्हा तो दुसरंच काहीतरी बोलत होता, मग बोलायचा थांबला.

"हे पावलं वगैरे कोणी लिहिलं?"

मी सांगितलं, मी मीटर रीडर आहे.

"मॅडम, मला अर्ज येतात 'दत्तमंदिराजवळ खड्डा' असे. माझ्या हद्दीत दत्ताची पाच मंदिरं आहेत. मी शोधत फिरतो, सापडलं नाही की शेरा मारतो." त्याने पुन्हा पान उलटलं. "सळया आणि लाद्या माझ्याकडे नाहीत, ते दुसऱ्या विभागाचं. झाकणांचं मी बघतो. लगेच होईल असं सांगत नाही."

"कधी होईल ते सांगा," नवरा म्हणाला.

"झाकणं आली की."

आम्ही आवक विभागात शिक्का मारून घेतला आणि निघालो. मला फारशी आशा नव्हती. खोटं कशाला सांगू, त्याचा स्वभाव मला आवडला एवढंच मी घरी येऊन मुलीला सांगितलं.

जवळजवळ दोन महिने काही झालं नाही. मग एका सकाळी मी त्या भागात असताना सिमेंटच्या झाकणांनी भरलेला टेम्पो दिसला. दोन माणसं एका खांबाजवळ उभी राहून पावलं मोजत होती. त्यांच्या हातात सुनेच्या अक्षरातल्या अर्जाची झेरॉक्स होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "कोणाची पावलं धरायची रे, बाईची का माणसाची?" मी चालत राहिले. दोन दुकानं पुढे जाऊन मागे वळून बघितलं. त्यांना चेंबर सापडलं होतं.

वहीत नऊ ठिकाणी झाकण नाही असं लिहिलेलं. त्यांपैकी सहा बसली. दोन झाकणं फुटपाथपेक्षा बोटभर वर राहिली, त्यांना आता लोक अडखळतात. सळया तशाच. पण म्हातारीच्या दारासमोरचं झाकण चांगलं बसलं. मुलाने खाट उचलून आत नेली.

त्यानंतर रीडिंगला गेले तेव्हा म्हातारी लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून ओट्यावर बसलेली. हातात झाकणाचा डबा.

"माना पलीकरं नेतस?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. सून आतून म्हणाली, "सकाळपासून तयार होऊन बसल्यात. मी नेते म्हटलं तर म्हणतात, तिच्यासोबत जाईन, तिचा पाय माझ्यासारखा आहे."

ते खरं होतं. मी अजून थोडी लंगडायचे. आम्ही फुटपाथवरून निघालो. नव्या झाकणावर ती आधी पाय ठेवेना, मीही ठेवेना. मग मी ठेवला, मग तिने ठेवला. थोडं पुढे पुसट झालेले झेब्राचे पट्टे होते आणि डिव्हायडरमधे माणूस जाईल एवढी फट. आम्ही कडेला उभ्या राहिलो. गाड्या थांबेनात. एक गेली की मागे दुसरी. मी तिचा दंड धरून ठेवलेला. पाच मिनिटं झाली असतील.

मग म्हातारीने डबा माझ्याकडे दिला, उजवा हात पंजा उघडून बाजूला लांब केला, बैलाला थांब म्हणतात तसा, आणि चालायला लागली. गाड्यांकडे बघत नव्हती, फक्त समोर. तिला सोडता येईना, मीही निघाले. एका बसच्या ड्रायव्हरने ब्रेक लावला. त्याच्या मागचे हॉर्न वाजवत राहिले, पण तो थांबला. त्याच्या आड आम्ही डिव्हायडरपर्यंत पोचलो.

तिथे म्हातारी खाली बसली. डिव्हायडरच्या कठड्यावर, दोन्ही बाजूंनी गाड्या जात असताना.

"आजी, इथे नका बसू," मी म्हटलं.

"दमली गो. बसते थोरी. कोन काय बोलतंय?"

मीही तिच्या शेजारी बसले. रिक्षावाले वाकून बघून जात होते. तिने मला विचारलं माझी मुलगी कितवीला आहे, माहेर कुठलं. मी सांगितलं, मोहनेच, वडील कारखान्यात होते. ती म्हणाली, तिचा भाऊपण काही दिवस तिथे कामाला होता. आम्ही असं बोलत बसलो. मग उरलेला अर्धा रस्ता तसाच हात लांब करून पार केला.

निळ्या घरातून नणंद बाहेर आली. आमच्या म्हातारीहून वाकलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"कशी आलीस गो?" तिने विचारलं.

"चालत," म्हातारी म्हणाली आणि डबा पुढे केला. त्यात सुकटीचं कालवण होतं.

मी पाणी पिऊन माझ्या कामाला निघाले. परत न्यायला सून येणार होती. पुढे तेच ठरलं. आठवड्यातून दोनदा सून किंवा मुलगा तिला हाताला धरून पलीकडे न्यायचे, हळूहळू रोज.

दोन वर्षांनी आमच्या भागात नवे मीटर बसले. ते आपले आकडे आपणच पाठवतात, त्यांना माणूस लागत नाही. माझी नोकरी गेली. आता मी कल्याणला एका शाळेत मदतनीस आहे. वही मी सुनेला दिली. तिने दुसरी वही केली, मग तिसरी. इंजिनीअरची बदली झाली. नवीन आलेल्याला ती पहिल्यापासून खांब, नंबर, पावलं समजावून सांगते.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला की नणंद गेल्या. रविवारी मी आणि नवरा भेटायला गेलो. म्हातारी ओट्यावर होती. मी जवळ बसले. विचारलं, शेवटी फार त्रास झाला का त्यांना.

"चार महिनं खाटेवर होती," ती म्हणाली. "मी रोज जायची. दुपारची जायची, दिवे लागायच्या येलेला यायची. तिना दिसत नसं, मी बोलायची. सगला बोलून झाला आमचा."

मग तिने सुनेला हाक मारली, "दोघांना जेवायला वार." आम्ही जेवून आलोय असं नवरा म्हणाला, पण तिने ऐकलं नाही. तांदळाची भाकरी होती आणि वालाचं कालवण. आम्ही आत जाऊन तिच्या शेजारी पाटावर बसलो आणि जेवलो.